मोटारीतील रेडिओ आणि त्याची खरखर

घरातील रेडिओ एका जागी स्थिर असतो. त्याच्या भोवतालचा परिसर बदलत नाही, आणि एखादे केंद्र नीट लागत नसेल तर तो उचलून खिडकीजवळ ठेवता येतो. मोटारीतील रेडिओच्या वाट्याला ह्यांपैकी कोणतीही सोय येत नाही. तो पत्र्याच्या पेटीत कोंडलेला असतो. केंद्रापासूनचे त्याचे अंतर क्षणोक्षणी बदलत असते. शिवाय ज्या यंत्राच्या शेजारी तो बसविलेला असतो, ते यंत्र स्वतःच विद्युत्‌ ठिणग्या पाडीत चाललेले असते. अशा स्थितीत तो खरखरतो ह्यापेक्षा तो ऐकू येतो, हीच अधिक विचार करण्यासारखी गोष्ट होय.

करमणुकीखेरीज आणखी एका कारणाने ह्या विषयास महत्त्व आहे. मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळाने ओडिशाच्या किनाऱ्यावरील वीजपुरवठा आणि दूरध्वनी यंत्रणा विस्कळीत केली. अशा प्रसंगी घरातील विजेची उपकरणे आणि खिशातील दूरध्वनी दोन्ही निरुपयोगी ठरतात. परंतु उभ्या असलेल्या मोटारीत भरलेली बॅटरी असते, एरियल असते आणि रेडिओही असतो. दूरच्या केंद्रावरून येणारी सूचना त्या रेडिओत शब्दशः ऐकू यावी की खरखरीत बुडून जावी, हा प्रश्न मग केवळ हौसेचा राहत नाही.

खरखर म्हणजे काय?

रेडिओ खरखरू लागला की यंत्र बिघडले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः बहुतेक वेळा यंत्र आपले काम चोख करीत असते. एरियलवर दोन प्रकारचे विद्युत्‌दाब एकाच वेळी निर्माण होतात: एक केंद्राकडून आलेल्या लहरींचा, आणि दुसरा आसपासच्या नाना विद्युत्‌घडामोडींचा. ऐकणाऱ्यास जे स्पष्टपणे कळते ते ह्या दोहोंच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. केंद्र जवळ असताना त्याची लहर इतकी प्रबळ असते की दुसरा घटक तिच्यापुढे लोपून जातो.

केंद्र दूर जाऊ लागले म्हणजे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक मोटार-रेडिओत अशी योजना असते की, लहर क्षीण झाली की यंत्र आपले वर्धन आपोआप वाढविते, जेणेकरून आवाज सारखाच राहावा. पण वर्धन वाढले की केंद्राबरोबर गोंगाटही तितक्याच पटीने वाढतो. प्रवाशाला वाटते की गोंगाट एकाएकी कोठून तरी आला. प्रत्यक्षात तो गाव सोडल्यापासून तेथेच होता. मधल्या काळात केंद्र मात्र दुबळे झाले. म्हणून खरखर कमी करण्याचे दोनच मार्ग संभवतात: केंद्राची लहर अधिक ग्रहण करणे, अथवा गोंगाट त्याच्या उगमापाशीच दाबणे.

एरियलची अडचण

मध्यम लहरींच्या पट्ट्यात, समजा १००० किलोहर्ट्झवर, लहरीची लांबी ३०० मीटर असते. लहर उत्तम रीतीने ग्रहण करावयाची तर एरियलची उंची तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे ७५ मीटर असावी लागेल. मोटारीवर आपण जेमतेम एक मीटरची सळई उभी करतो. उलट एफएम पट्ट्यात, १०० मेगाहर्ट्झवर, लहरीची लांबी ३ मीटर आणि तिचा चतुर्थांश ७५ सेंटिमीटर. म्हणजे तीच सळई एफएमला नेमकी मापाची आणि मध्यम लहरींना हास्यास्पद रीतीने आखूड ठरते.

आखूड सळईने गोळा केलेला विद्युत्‌दाब अत्यल्प असतो, आणि तिच्यापासून रेडिओपर्यंत जाणारी केबल त्यातील बराचसा वाटा वाटेतच गिळून टाकते. कारण केबलमधील मधली तार व तिच्याभोवतीचे जाळीदार आवरण ह्या दोहोंचे मिळून एक धारित्र, म्हणजे कारागीर ज्यास कंडेन्सर म्हणतात ते, तयार होते. आणि सळईच्या मानाने ते पुष्कळ मोठे असते. ह्यासाठी जुन्या मोटार-रेडिओंवर एक लहानसा स्क्रू ठेवलेला असे. १४०० किलोहर्ट्झच्या जवळपासचे एखादे क्षीण केंद्र लावून, आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत तो फिरवावयाचा, अशी रीत होती. केबल बदलली किंवा तिला जोड दिला की हे काम पुन्हा करावे लागे. ते न केल्यामुळे कित्येक चांगले रेडिओ विनाकारण बदनाम झाले.

आजच्या मोटारींत उंच सळईऐवजी छतावर लहानसे कल्ल्यासारखे एरियल असते, किंवा मागच्या काचेवरील तारांनाच एरियल केलेले असते. त्याच्या बुडाशी एक छोटा वर्धक असतो आणि त्याला स्वतंत्र तारेने वीज पुरवावी लागते. मूळचा रेडिओ काढून बाजारातील दुसरा बसविताना ही तार जोडावयाची राहून गेली, तर जवळची केंद्रेदेखील कशीबशी ऐकू येतात, आणि दोष नव्या रेडिओला दिला जातो.

एरियलचे बूड जेथे पत्र्यावर बसते तेथे केबलचे आवरण पत्र्याशी घट्ट व स्वच्छ जोडलेले असणे हे सर्वांत महत्त्वाचे. तेथे गंज चढला, किंवा नव्या रंगाचा थर मध्ये आला, म्हणजे आवरणाचा उपयोग सरतो; बॉनेटखालील साऱ्या ठिणग्यांचा गोंगाट केबलमध्ये शिरतो. दहांपैकी किती रेडिओंत हा दोष असतो हे सांगता येणार नाही. पण शोध येथूनच सुरू करावा, हे खास.

इंजिन: एक अनाहूत प्रेषक

हाइनरिख हर्ट्झ ह्यांनी १८८७-८८ च्या सुमारास कार्ल्सरूहे येथे विद्युच्चुंबकीय लहरी प्रथम निर्माण केल्या त्या दोन गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस ह्यांनी भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली तीही ठिणगीपासून निघालेल्या लहरींनी. पुढे अनेक वर्षे जहाजांवरील बिनतारी यंत्रे ठिणगीवरच चालत. ठिणगीत एक मोठा दोष आहे: ती एका कंपनसंख्येवर बोलत नाही, एकाच वेळी सर्व पट्टाभर ओरडते. ह्याच कारणास्तव १९२७ च्या वॉशिंग्टन आंतरराष्ट्रीय परिषदेने ठिणगी-प्रेषक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३० साली, शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने मोटोरोला ह्या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, म्हणजे रेडिओला पुन्हा एका ठिणगी-प्रेषकाच्या शेजारी नेऊन बसविले!

पेट्रोल इंजिनातील व्यवस्था आठवावी. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमधून वाहत असतो. तो एकाएकी तोडला की कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा, कधी २०,००० व्होल्टच्या आसपास, दाब निर्माण होतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. ठिणगी पडण्यापूर्वी प्लगची तार आणि प्लग ह्यांच्या अंगी विद्युत्‌भार साठलेला असतो. फट फुटताच तो एका सेकंदाच्या काही अब्जांश भागांत रिकामा होतो. हा आकस्मिक प्रवाहच व्यत्ययाचे मूळ. अर्धा-एक मीटर लांबीची प्लगची तार त्या वेळी एरियलचे काम करते.

चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात. मिनिटाला ८०० फेरे असताना सेकंदाला सुमारे २७, आणि ३००० फेरे असताना १०० ठिणग्या. म्हणून मंद इंजिनाचा व्यत्यय टकटक असा सुटा ऐकू येतो, आणि वेग वाढला की त्याचीच सलग गुरगुर होते. हा त्रास मोटारीतील रेडिओपुरता मर्यादित नव्हता. मुंबईत १९७२ साली दूरदर्शन सुरू झाल्यानंतर ज्यांनी छतावरील एरियलवर चित्रे पाहिली, त्यांना रस्त्यावरून स्कूटर गेली की पडद्यावर ठिपक्यांची रांग सरकत असे हे आठवत असेल. ती स्कूटरच्या प्लगचीच ठिणगी होय.

उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा निघाला. प्लगच्या तारेत सुमारे पाच ते पंधरा हजार ओहमचा रोध बसविला की तो आकस्मिक प्रवाह दबतो. मोटारवाल्यांना प्रारंभी भीती वाटे की ह्याने ठिणगी दुबळी होऊन इंजिनाची शक्ती घटेल. तसे सहसा होत नाही. कारण प्लगमधून वाहणारा मुख्य प्रवाह इतका अल्प असतो की हजारो व्होल्टच्या मानाने त्या रोधात होणारी घट किरकोळ ठरते. पुढे तांब्याच्या तारेऐवजी कार्बनयुक्त धाग्याची रोधक तारच वापरात आली, आणि प्लगच्या पोटातही रोध बसविला जाऊ लागला. पुष्कळ उत्पादकांच्या अशा प्लगच्या क्रमांकात ‘आर’ हे अक्षर असते. स्वस्त पडतो म्हणून त्याच्या जागी साधा प्लग घालणे हिताचे नाही. आधुनिक मोटारीत त्याने रेडिओच नव्हे, तर इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणही बिथरू शकते.

अँबेसडर किंवा प्रीमियर पद्मिनीसारखी जुनी गाडी ज्यांनी जपून ठेवली आहे त्यांच्यासाठी एक सूचना. कॉइलला व्यत्ययनाशक कंडेन्सर जोडावयाचा तो इग्निशनच्या किल्लीकडून तार येते त्या टोकाला. पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला नव्हे. चुकीच्या टोकाला जोडल्यास ठिणगीच क्षीण होते आणि गाडी सुरू होण्याची पंचाईत पडते. तसेच डायनामोवर तो प्रवाह बाहेर नेणाऱ्या टोकास जोडावा, क्षेत्राच्या टोकास जोडू नये. बॉनेटचा पत्रा मोटारीच्या अंगाशी विणलेल्या जाड पट्टीने जोडला असता तो आवरणाचे काम करतो. केवळ बिजागरीच्या भरवशावर राहिल्यास करीत नाही.

कानाने शोध

व्यत्यय कोठून येतो हे ठरविण्यास उपकरणे लागतातच असे नाही. गाडी उभी करून इंजिन बंद करावे. खरखर तशीच राहिली तर तिचा उगम बाहेर, किंवा गाडीतील दुसऱ्या एखाद्या उपकरणात आहे. इंजिनाबरोबर ती थांबत असेल तर इंजिन चालू ठेवून रेडिओच्या मागील एरियलची केबल उपसून पाहावी. आवाज नाहीसा झाला तर तो एरियलवाटे येत होता. राहिला तर विजेच्या तारेवाटे येतो. दोहोंचे उपाय अगदी भिन्न आहेत, आणि एवढी चाचणी न करता कंडेन्सरांमागून कंडेन्सर बसविणारे कारागीर थोडे नाहीत.

टकटक किंवा गुरगुर ही ठिणगीची खूण. ॲक्सिलरेटर दाबताच चढत जाणारी सुरेल शीळ ही आल्टरनेटरची खूण. आल्टरनेटरमध्ये तीन कलांचा उलटसुलट प्रवाह एकदिश केला जातो, तरी त्यावर बारीक तरंग उरतात. बारा ध्रुवांच्या आल्टरनेटरमध्ये दर फेऱ्याला असे ३६ तरंग येतात. तो मिनिटाला ५००० फेरे करीत असेल तर सेकंदाला ३००० तरंग होतात, आणि मानवी कानास तो सूर विशेष टोचतो. ह्या शिट्टीची आणखी एक परीक्षा आहे. रेडिओ बंद करून मुद्रित गाणे लावावे. शीळ तरीही ऐकू आली तर तिचा लहरींच्या ग्रहणाशी काहीच संबंध नाही. ती विजेच्या किंवा अर्थच्या तारेतून थेट ध्वनिवर्धकात शिरली आहे.

काचपुसण्याचा किंवा पंख्याचा मोटर चालू करताच सुरू होणारी खरखर त्या मोटरच्या ब्रशांवरील ठिणग्यांची. कोरड्या हवेत, डांबरी रस्त्यावर, विशिष्ट वेगानंतरच सुरू होणारा आणि ओलसर रस्त्यावर नाहीसा होणारा आवाज मात्र पुष्कळांस चकवतो. तो चाकांचा होय. टायर रस्त्यावर घासून विद्युत्‌भार जमतो, आणि बेअरिंगमधील ग्रीसच्या पातळ थरामुळे तो मोटारीच्या अंगाशी सहज मिळत नाही; मग तेथे सूक्ष्म ठिणग्या पडतात. ब्रेक हलकेच टेकताच हा आवाज थांबतो, कारण ब्रेकमुळे चाक आणि अंग एकमेकांस जोडले जातात. जुन्या काळी पुढील चाकांच्या टोपणात ह्यासाठी लहान स्प्रिंग बसवीत.

आजच्या गाडीत मात्र प्रथम संशय घ्यावा तो दूरध्वनी भारित करण्यासाठी खोचलेल्या छोट्या चार्जरचा. त्यात १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करण्यासाठी प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडला व जोडला जातो. स्वस्त चार्जरमध्ये गाळणी व आवरण ह्यांवरच काटकसर केलेली असते. तो उपसताच मध्यम लहरींचा पट्टा निवळला, असे पुष्कळदा घडते.

रस्ता आणि रात्र

गाडी निर्दोष असली तरी रस्ता निर्दोष नसतो. उच्च दाबाच्या वाहिनीखालून जाताना जी घरघर ऐकू येते ती बहुधा सैल झालेल्या जोडांवरील, किंवा दमट हवेत तारांभोवती होणाऱ्या विसर्जनाची असते. हावड्याच्या पुलासारख्या पोलादी सांगाड्याखाली मध्यम लहरींचे केंद्र दबते. शेकडो मीटर लांबीच्या लहरीला त्या सांगाड्याच्या फटी फारच अरुंद पडतात. एफएमच्या तीन मीटरच्या लहरीला त्या बऱ्याच मोकळ्या वाटतात. घाटातील बोगद्यात मात्र दोघींचाही निभाव लागत नाही.

एफएमचा स्वभाव वेगळा. एडविन आर्मस्ट्राँग ह्यांना १९३३ साली ज्यांची पेटंटे मिळाली त्या ह्या पद्धतीत संदेश लहरीच्या उंचीत नसून तिच्या कंपनसंख्येच्या बदलात असतो. ठिणगी मुख्यतः लहरीची उंची बिघडविते. ग्राहकयंत्र ती उंची छाटून टाकते, आणि तिच्याबरोबर बराचसा गोंगाटही छाटला जातो. भारतात एफएमचे पहिले केंद्र १९७७ साली मद्रासला सुरू झाले. परंतु ह्या लहरी सरळ रेषेत जाऊ पाहतात, आणि इमारतींवरून परावर्तित होतात. सरळ आलेली आणि परावर्तित झालेली लहर काही ठिकाणी एकमेकींस पूरक होतात, काही ठिकाणी मारक. समोरासमोरून येणाऱ्या दोन लहरींत अशी मारक स्थळे दीड-दीड मीटरवर पडतात. ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर जाणारी गाडी अशी दहा स्थळे सेकंदात ओलांडते. त्यामुळे आवाज फडफडतो. चौकात तांबड्या दिव्यापाशी थांबताच केंद्र गेले, तर गाडी हातभर पुढे घेताच ते परत येते, ते ह्याच कारणाने.

मध्यम लहरींवर सूर्याची सत्ता चालते. दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील आयनीभूत थर त्यांचे शोषण करतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो, आणि त्याहून उंच थरांवरून लहरी परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवर उतरतात. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली नागपूरहून, १००० किलोवॉट शक्तीच्या प्रेषकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर सुरू झाली. ती २०१९ साली बंद होईपर्यंत रात्री मालमोटार चालविणारे चालक दूरदूरच्या राज्यांत तिचे ग्रहण करू शकत, ते ह्या परावर्तनाच्या बळावर. ह्याच बळावर रात्री परकी केंद्रेही एकमेकांवर चढतात, आणि आवाज हेलकावे घेतो. हा व्यत्यय मोटारीत काहीही बसवून हटत नाही.

विद्युत्‌मोटारीचा पेच

विद्युत्‌मोटारीत ठिणगी नाही. तेव्हा तिच्यात रेडिओ निर्मळ वाजेल असे कोणासही वाटेल. घडले उलटेच. बॅटरीचा शेकडो व्होल्टचा एकदिश प्रवाह मोटरला योग्य रूपात पुरविण्यासाठी तो सेकंदाला हजारो वेळा तोडावा व जोडावा लागतो. सेकंदाला १०,००० वेळा असे केले, तर १० किलोहर्ट्झच्या प्रत्येक पटीवर थोडीथोडी शक्ती बाहेर पडते. आणि त्यांतील ५४ व्या पटीपासून १६० व्या पटीपर्यंतच्या साऱ्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात येतात. एफएमचा पट्टा दहा हजाराव्या पटीच्या आसपास असल्यामुळे तेथवर हा जोर फारसा पोहोचत नाही.

ह्यावर काही उत्पादकांनी सोपा मार्ग पत्करला. २०१४ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री गाडीत मध्यम लहरींचा रेडिओच ठेवलेला नव्हता, आणि नंतर इतरांनीही तेच केले. तेथील संघराज्याच्या आपत्कालीन व्यवस्थापन संस्थेच्या माजी प्रमुखांनी २०२३ च्या प्रारंभी ह्यास हरकत घेतली. संकटकाळी विस्तीर्ण प्रदेशास सूचना देण्याचे काम हीच केंद्रे करतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रत्येक नव्या मोटारीत हा रेडिओ असावाच असे विधेयक अमेरिकी काँग्रेसपुढे मांडले गेले.

उपाय अशक्य आहे असे म्हणता येत नाही. केबलींभोवती धातूची आवरणे, नियंत्रकाच्या दोन्ही बाजूंस गाळण्या, पेटीला सर्व बाजूंनी पक्का अर्थ: तत्त्व तेच, जे १९३० साली बॉनेटखाली लागू पडले होते. फरक इतकाच की त्यास वजन आणि पैसा अधिक लागतो, आणि तो खर्च कोणी सोसावयाचा हा वाद अभियंत्यांपेक्षा हिशेबनिसांचा अधिक आहे. फोर्ड कंपनीने मे २०२३ मध्ये आपला हा रेडिओ वगळण्याचा निर्णय मागे घेतला, आणि ज्या विद्युत्‌गाड्या त्याच्याविना विकल्या गेल्या होत्या त्यांच्या मालकांना गाडीतील संगणकप्रणालीत सुधारणा करून तो उपलब्ध करून देण्याचे जाहीर केले.